जोंधळ्याच्या पोत्याची अंगाई

दाराला कुलूप लावतात हे कुणाला ठाऊकही नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक विणकर राहत होता. राहत होता म्हणजे काय, तर भावाच्या घरातल्या एका खोलीत मागाला चिकटून झोपत होता! त्याच्या बायकोला आठवा महिना लागला होता. बाळाचा पाळणा टांगायचा कुठे, या काळजीने विणताना धागा तुटला तरी त्याला कळत नसे.

त्याच सुमारास गावचे म्हातारे वैद्यबुवा लेकीकडे राहायला जायचं म्हणून आपलं घर विकायला निघाले. विणकर घर बघायला गेला. सोबत गावच्या सुईणीला घेऊन गेला. तो तिला मावशी म्हणे, कारण तो स्वतःही तिच्याच हातावर जन्मला होता.

घर मोठं देखणं होतं. अंगणात जाईचा वेल, भिंती पांढऱ्याशुभ्र, माजघरात तेल पाजून काळीभोर केलेली तुळई आणि तुळईला पाळण्याची कडी. कडी दिसताच विणकर विरघळला.

"बुवा, घर घेतलं!" तो म्हणाला.

"घेतलं?" मावशी म्हणाली. "अरे, अजून धड पाहिलंस कुठे? ठोकून बघ, हलवून बघ."

विणकराने तिला बाजूला ओढलं. "मावशी, बुवांनी मला तापातून उठवलंय. त्यांच्याच घरात ठोकाठोकी करू? लाज वाटते मला."

"का रे? तुझ्या तापात बुवांनी नाडी बघितली होती, का तू सांगितलंस त्यावरच औषध दिलं होतं?"

हळू बोलणं मावशीला जन्मात जमलं नव्हतं. बुवांनी सगळं ऐकलं आणि ते मनमोकळं हसले. "बघा, खुशाल बघा. चाळीस वर्षं याच तुळईखाली निजतोय मी."

मावशीने कडीला दोर बांधून झोळी टांगायला लावली आणि बुवांच्या कोठीतलं जोंधळ्याचं पोतं तिच्यात ठेवायला सांगितलं.

"एवढं जड कशाला?" विणकर कुरकुरला.

"पोर वाढतं, बाबा. आणि पाळण्यावर आळीतली सगळी कार्टी चढतात. तू काय कमी चढायचास?"

मग तिने दोरी हातात घेतली आणि चक्क पोत्याला अंगाई गाऊ लागली, "नीज रे जोंधळ्या, नीज रे राजा..." विणकर हसून लोटपोट झाला. बुवांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

पाचवा-सहावा झोका गेला आणि कडकड आवाज झाला. कडी उपसून आली आणि पोतं धाडकन जमिनीवर आदळलं. वरून बारीक भुसा गळत राहिला. तुळई आतून वाळवीने पोखरली होती. उरलं होतं ते फक्त तेल पाजलेलं साल.

विणकराने धावत जाऊन ते पोतं उचललं आणि पोटाशी घट्ट धरलं. ते जोंधळ्याचं आहे हे त्याला दिसत होतं, तरी खाली ठेववेना.

बुवा तुळईखालच्या आपल्या बाजेकडे बघत होते. "मला खरंच ठाऊक नव्हतं रे," ते हळूच म्हणाले. "आज तुम्ही दोघांनी मलाही वाचवलंत. आता नवी तुळई बसवल्याशिवाय हे घर तुझ्या हाती देणार नाही. मावशी, चला, कौलं बघा, पाया बघा, आडसुद्धा बघा. काही सोडू नका."

तुळई नवी आली, दोन जागी गळणारी कौलं बदलली, मग विणकर घरात राहायला आला. पुढे मुलगी झाली. बारशाला बुवा लेकीच्या गावाहून आले. बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधी त्यांनी स्वतः जोंधळ्याचं पोतं मागून घेतलं, पाळण्यात निजवलं आणि आपल्या थरथरत्या आवाजात त्याला अख्खी अंगाई म्हटली. कुणीही हसलं नाही. कडी जागची हलली नाही. तेव्हा कुठे मावशीने मुलीला पाळण्यात ठेवलं.

तात्पर्य: घर घेण्याआधी ते नीट तपासून बघणं म्हणजे विकणाऱ्यावरचा अविश्वास नव्हे, तर त्या छपराखाली निजणाऱ्यांवरची माया होय.