चित्रासाठी हवी होती नाव

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही लहानपणी ऐकलेली ही गोष्ट आहे, म्हणजे ती किती जुनी असेल बघा. तेव्हा एका राज्यात एक भलंमोठं सरोवर होतं. या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ पुसट रेघेसारखा दिसे. अलीकडच्या काठी एक गाव होतं आणि गावामागच्या टेकडीवर एक चित्रकार राहत होता.

तो माणसांची चित्रं काढत नसे, देवादिकांचीही नाही. आभाळ आणि पाणी, एवढंच तो रंगवायचा. पावसाआधीचे काळेजांभळे ढग, संध्याकाळी पेटलेलं पाणी, वाऱ्याने पिंजलेल्या लाटा. वर्षानुवर्षं बघून बघून त्याला आभाळाची नस सापडली होती. म्हणून गावचा म्हातारा नावाडी नाव सोडण्याआधी टेकडीखाली येऊन हाक मारायचा, "चित्रकारदादा, कसं काय आभाळ?"

दादा "जा निवांत" म्हणाले की नाव सुटायची. मध्येच हवा फिरली, तर चित्रकार टेकडीवरून पांढरं कापड हलवायचा आणि नाव माघारी यायची. गावाला त्याचा मोठा आधार होता.

एकदा राजधानीतून राजमातेचा निरोप आला. राजमातेचं माहेर याच सरोवराच्या काठी होतं. आता गुडघे चालत नव्हते, प्रवास झेपत नव्हता. 'लहानपणी पाहिलेलं पाण्यावरचं वादळ एकदा पुन्हा डोळ्यांनी बघायचं आहे. मला ते काढून द्या,' एवढीच तिची इच्छा होती.

चित्रकाराने जीव ओतून चित्र काढलं आणि धाडलं. राजमातेने ते परत पाठवलं. सोबत निरोप होता, 'ढग खरे आहेत, लाटाही खऱ्या आहेत. पण बघताना छातीत धस्स होत नाही.'

चित्रकार बरेच दिवस त्या चित्रासमोर बसून राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की वादळात सापडलेलं कुणी चित्रात नाहीच. एखादी नाव हवी होती. त्याने मनाने नावा काढून पाहिल्या, पण त्या सगळ्या खेळण्यातल्या वाटत. वादळात सापडलेली नाव त्याने कधी पाहिलीच नव्हती. आणि पाहिली नव्हती, कारण तोच ती वेळेवर माघारी बोलवायचा.

एके सकाळी तो अंगणात आला, तर पश्चिमेची कडा तांब्यासारखी झाली होती. वारा ठप्प पडला होता. पाकोळ्या पाण्याला चाटून उडत होत्या. दुपारच्या आत मोठं वादळ येणार, हे त्याला एका नजरेत समजलं.

इतक्यात खालून हाक आली, "चित्रकारदादा, कसं काय आभाळ? पलीकडे लग्न आहे, मंडळी खोळंबलीत."

चित्रकाराने खाली पाहिलं. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका, फेटे बांधलेले पुरुष, बाळंतपणासाठी माहेरी निघालेली एक पोरसवदा गर्भार बाई. तीच हसून ओरडली, "दादा, आमच्या नावेचं चित्र काढा हं!"

त्याच्या ओठांवर शब्द आले होते. ते त्याने गिळले. "जा निवांत," तो म्हणाला.

नाव सुटली. चित्रकाराने कापड ताणलं, रंग कालवले. थोड्याच वेळात ढग आले, आणि काय ढग होते ते! आयुष्यात त्याने असं आभाळ पाहिलं नव्हतं. त्याचा हात भराभर चालू लागला. दूर पाण्यावर नाव हलू लागली, तशी तीही कापडावर उतरू लागली.

नावेतली माणसं नीट काढावीत म्हणून त्याने डोळे बारीक करून पाहिलं. नावाड्याने वल्हं थांबवलं होतं. तो मान वर करून टेकडीकडे बघत होता. त्याच्यामागे सगळेच टेकडीकडे बघत होते. पांढरं कापड दिसत नव्हतं, म्हणजे भिण्याचं कारण नव्हतं. नावाड्याने पुन्हा वल्हं पाण्यात घातलं आणि नाव पुढे नेली.

चित्रकाराच्या हातातून कुंचला गळून पडला. दुसरं कापड शोधायला सवड नव्हती. त्याने समोरचं ओलं चित्रच खस्सकन ओढून काढलं आणि त्याची कोरी बाजू नावेकडे करून दोन्ही हातांनी हलवू लागला. "फिरा! मागे फिरा!" तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. वाऱ्याने ते कापड हिसकावलं आणि पाण्यात नेऊन टाकलं. पण तोवर नाव वळली होती.

तो धावत खाली गेला. काठाजवळच्या खडकावर आपटून नाव फुटली. गावकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, चित्रकारही उतरला. एकेकाला धरून त्यांनी बाहेर काढलं. जीव कुणाचा गेला नाही, पण नावाड्याचा हात मोडला.

गर्भार बाई ओलीचिंब, कुडकुडत त्याच्या पाया पडायला वाकली. "दादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

चित्रकार मागे सरला. गप्प राहिला असता तर कुणालाही काही कळलं नसतं.

"पाया पडू नका," तो म्हणाला. "वादळ येणार हे मला सकाळीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" नावाड्याने विचारलं.

"मला चित्रात नाव हवी होती."

कुणी शिवी दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. नावाड्याने दुसऱ्या, धड हाताने वाहून आलेलं वल्हं उचललं आणि तो घराकडे निघाला.

पाऊस ओसरल्यावर चित्रकार राजधानीला गेला. राजमातेला त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छातीत धस्स व्हायला हवं, असं मी इथे गादीवर बसून मागितलं. ते कुणाच्या वाट्याला येईल, हे माझ्याही मनात आलं नाही. ते पहिलं, नाव नसलेलंच चित्र मला द्या."

गावात मात्र टेकडीखाली पुन्हा हाक आली नाही. लोकांनी आभाळावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस नेमला. नवी नाव बांधताना चित्रकार फळ्या तासायला जाऊन बसे. नावाड्याच्या हाताला पहिल्यासारखी ताकद आली नाही, तेव्हा एक वल्हं त्याने आपल्या हाती घेतलं. आता तो आभाळ रंगवायचा ते नावेत बसून, पाण्याच्या पातळीवरून जेवढं दिसे तेवढंच. आभाळ बिघडू लागलं की तो अगोदरच नाव वळवायचा. तेव्हा ढग कितीही सुंदर असले, तरी ते चित्र राहून जायचं.

काही वर्षं अशी गेली. एका सकाळी नावेत चढताना एका बाईला लुगडं सावरता येईना. तिने कडेवरचं मूल सहज त्याच्यापुढे केलं. "जरा धरा हो," ती म्हणाली आणि काठावरचं गाठोडं आणायला वळली. चित्रकाराने वल्हं खाली ठेवलं आणि मुलाला दोन्ही हातांनी छातीशी घेतलं.

बोध: आपल्या भरवशावर निघालेल्या माणसाचा जीव आपल्या हातून घडणाऱ्या सर्वांत सुंदर कामापेक्षाही मोठा असतो.