पांढऱ्यांचा उतार

त्या भूमीवर झाडांचे पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्याचा आपला कायदा होता. सगळ्यात खाली सदाहरित अरण्य. तिथे पाऊस रोजचा, उजेड थोडा, आणि वानरांचे अख्खे आयुष्य फांद्यांवरच सरे. त्याच्या वर गवताळ प्रदेश. तिथे कळपाने राहायचे आणि चरताना मान वर ठेवायची. त्याच्याही वर सुईसारख्या पानांच्या उंच, काळपट झाडांचे सूचिपर्णी अरण्य. त्यापलीकडे झाड उभेच राहत नाही असा शेवाळाचा उघडा मुलूख, आणि मग नुसता बर्फ. हे पट्टे हलत नाहीत, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

सूचिपर्णी अरण्यातल्या सशांचा कायदा रंगाचा होता. उन्हाळाभर त्यांचे अंग तपकिरी असे. दिवस आखडू लागले की जुने केस गळत, पांढरे येत, आणि ते पुरते आले की बर्फ पडे. मग ससा डोळे मिटून निश्चल बसला की लिंक्स, कानांवर काळे झुपके असलेली ती मोठी रानमांजरी, अगदी शेजारून जाई आणि तिला तो दिसत नसे. पिल्लांना एवढेच शिकवले जाई: पांढरे व्हा, स्थिर बसा.

एका वर्षी केस पांढरे झाले आणि बर्फ आला नाही.

सशांची वस्ती अरण्याच्या कडेला एका उतारावर होती. सकाळी बाहेर आले की सगळे आधी आकाशाकडे बघत, मग एकमेकांकडे, आणि लगेच नजर वळवत. जमीन काळी आणि ओली होती. तिच्यावर शेजारी इतका स्पष्ट दिसे की त्याच्याकडे पाहणेही नकोसे होई.

त्याच सुमारास पाणथळीवर एक क्रौंच पक्षी उतरला. दर वर्षी तो सगळे पट्टे ओलांडत दक्षिणेकडे जाई. यंदा मात्र खालच्या अरण्यापासूनच परत फिरला होता. त्याने काय पाहिले ते सशांनी विचारले.

"खालच्या अरण्यात पाऊस थांबलाय," तो म्हणाला. "वानरं जमिनीवर उतरलीत. जमिनीवर कसं चालायचं ते त्यांना माहीत नाही. गवताळ प्रदेशात गवत उरलेलं नाही, कळप उभे आहेत, माना वर करून, तसेच. आणि गवत तिथून निघून कुठे गेलंय म्हणाल, तर तुमच्या अरण्याच्या खालच्या कडेला आलंय. मी वरून पाहिलंय. पट्टे सरकताहेत."

सशांचा मुखिया हिमांग नावाचा एक वृद्ध ससा होता. अनेक हिवाळे पाहिल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. तो म्हणाला, "उडणाऱ्याला जमीन नेहमीच सरकताना दिसते." काही ससे हसले. ते हसणे फार मोठ्याने झाले. क्रौंचाला निघून जायला सांगण्यात आले, कारण त्याच्या बोलण्याने पिल्ले झोपत नव्हती. तो गेला. त्याच्यामागून अरण्यात चरणारा रेनडियरांचा कळपही कुणाला काही न सांगता उत्तरेकडे निघून गेला, आणि अरण्य एकाएकी मोठे वाटू लागले.

मग लिंक्स आली. तिने पहिल्या दिवशी एक ससा नेला, दुसऱ्या दिवशी आणखी एक. हिमांग म्हणाला, ते हलले असणार. जो हलत नाही तो दिसत नाही. सगळ्यांनी मान डोलावली, कारण हे खरे नसेल तर काय करायचे ते कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हापासून ससे दिवसच्या दिवस हलेनासे झाले. भूक लागली तरी उठत नसत. वाऱ्याने पान पडले तरी सगळ्या उतारावर हृदये धडधडत.

त्या वस्तीत धवला आणि कपिला नावाच्या दोन बहिणी होत्या. धवलाचे केस सगळ्यांच्या आधी पांढरे होत. तिच्यासारखे शुभ्र अंग दुसऱ्या कुणाचे नव्हते. कपिला दर वर्षी मागे राही. यंदा तर तिचे फक्त पंजे पांढरे झाले होते. बाकी अंग मातीच्या रंगाचे ते मातीच्याच रंगाचे राहिले. तिने खूप प्रयत्न केला. थंड ओढ्यात बसून पाहिले, केस उपटून पाहिले. उपटले तिथे पुन्हा तपकिरीच आले.

लिंक्सने तिच्या शेजारचे दोन्ही ससे उचलले आणि ती मधल्यामधे राहिली, त्या दिवशी सगळे तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले.

हिमांगाने सभा बोलावली. "कपिला," तो म्हणाला, "पांढरे पुरते आले की बर्फ पडतो. यंदा ते पुरते आलेले नाहीत. तुझ्या अंगावर अडलेत."

"आजोबा, मी मुद्दाम करते का?"

"मुद्दाम की कसं, ते बर्फाला कळत नाही."

"मग माझ्या दोन बाजूंचे गेले आणि मीच कशी राहिले, ते तरी सांगा."

सभेतून एक कुजबुज फिरली: तिचे आणि लिंक्सचे काहीतरी संगनमत आहे. कपिलाने बहिणीकडे पाहिले. धवलाने डोळे मिटून घेतले होते आणि ती निश्चल बसली होती.

कपिलाला वस्तीबाहेर काढण्यात आले. समोरच्या टेकडीवर उन्हाळ्यात वणवा लागून गेला होता. जळक्या खोडांखेरीज तिथे काही उरले नव्हते. तिथे तिने जावे, असे ठरले. ती निघाली. ओढा ओलांडताना तिला मागे पावले ऐकू आली. धवला धापा टाकत येत होती.

"पोचवायला आलेय," ती म्हणाली. "वरपर्यंत. मग परत जाईन."

दोघी टेकडीवर जळक्या खोडांपाशी पोचल्या, तेव्हा कपिला म्हणाली, "परत नको जाऊस, धवले. इथल्या राखेत लोळ. पुरती काळी हो."

"वेडी आहेस का, कपे? हा रंग आईने दिलाय मला. आणि मी पण काळी झाले, तर बर्फ कसा येणार?"

कपिला काही बोलणार, तोच खालच्या झुडपातले पक्षी एकदम गप्प झाले. लिंक्स ओढ्याकाठाने टेकडी चढत होती. धवलाने कायद्याप्रमाणे अंग मिटले आणि ती स्थिर बसली. काळ्या राखेत ती लख्ख दिसत होती. कपिलाने तिला खाली दाबले आणि स्वतः तिच्यावर पसरली. पांढरे पंजे तिने पोटाखाली ओढून घेतले. बहिणीचे हृदय आपल्या छातीखाली धडधडताना तिला जाणवत होते, आणि वाटत होते, हा आवाज दरीपलीकडेही ऐकू जात असेल. लिंक्स इतक्या जवळ थांबली की तिच्या श्वासाची ऊब कपिलाच्या पाठीला लागली. तिने जळक्या खोडाला अंग घासले. मग तिची नजर ओढ्यापलीकडे गेली आणि ती वळून तिकडे उतरू लागली.

ती झुडपांत दिसेनाशी होईपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मग धवला उठली, ओल्या राखेत आडवी पडली आणि लोळली. पाठीवर, कुशीवर, कान टेकवून. लोळताना ती रडत होती. उठली तेव्हा तिला ओळखणे कठीण होते.

"त्यांना सांगायला हवं," ती म्हणाली, आणि कपिला अडवेपर्यंत उतारावरून धावत सुटली.

ती ओढ्यापर्यंत पोचली. पलीकडे सगळी वस्ती उघड्यावर बसली होती, कारण हिमांगाने सांगितले होते की आज बर्फ नक्की येईल. धवला ओरडली, "उठा! चिखलात लोळा! ती येतेय, तिला तुम्ही दिसताय!" ससे दचकले. ओढ्याकाठी एक काळे, ओले, ओळख नसलेले जनावर किंचाळत होते. एक-दोघांनी अंग उचलले. तेवढ्यात हिमांगाचा आवाज आला, थरथरणारा पण मोठा: "हलू नका. तिच्याकडे पाहू नका. डोळे मिटा." उचललेली अंगे पुन्हा खाली बसली. धवलाने एकेकाला नावाने हाका मारल्या. कुणी डोळे उघडले नाहीत.

झुडपे हलली, तशी कपिलाने येऊन तिला मागे ओढले. दोघी टेकडीवर चढल्या आणि जळक्या खोडांमध्ये बसून राहिल्या.

तिथून समोरचा काळा उतार सगळा दिसत होता. त्याच्यावर जागोजागी पांढरे ठिपके होते, स्वच्छ, निश्चल. दूरवरून पाहणाऱ्याला वाटले असते की अखेर बर्फ पडला आहे. आणि तो झुडपांकडच्या टोकापासून, सावकाश, वितळत चालला होता.