बर्फगाडीचे खिळे

"आणखी किती भोकं पाडणार आहेस?"

माई दारात उभ्या होत्या. हातात पिठाची परात.

उत्तरा गुडघ्यांवर बसली होती. पुढ्यात बर्फगाडी आडवी कलंडलेली. गाडीच्या पोटाखालचा काळा रबरी पट्टा वर आला होता, आणि त्या पट्ट्यावर खडूच्या खुणाच खुणा. चांदण्यांनी आभाळ भरावं तशा.

"जेवढ्या खुणा, तेवढी," उत्तरा म्हणाली. हातातलं ड्रिल तिनं खाली ठेवलं नाही.

"एवढी?"

"माई, प्रत्येक भोकात एक खिळा बसणार. पोलादी, टोकदार. जितके खिळे, तितकी बर्फावर पकड. साधा हिशोब आहे."

माईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

हिमालयातल्या त्या गावात माईंचा आश्रम होता. आश्रम कसला, दोन खोल्या, एक चूल आणि दत्ताची तसबीर. माई मूळच्या मिरजेकडच्या. उत्तरा इचलकरंजीची, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या चौगुल्यांची लेक. यंत्र म्हटलं की तिचा हात थांबत नसे, आणि नेम-व्रत म्हटलं की तिचं मन. म्हणूनच तर ती इथवर आली होती.

कुणा भाविकानं आश्रमाला ही जुनी बर्फगाडी दिलेली. पुढे वळण्यासाठी दोन घसरपट्ट्या, मागे ढकलायला हा फिरता पट्टा. हिवाळ्यात वरच्या वस्तीला औषधं पोचवायची ती याच गाडीनं. आणि चालवायची उत्तरानंच.

वाटेत एक गोठलेला ओढा लागतो. उतारावर गोठलेला. गावातले लोक त्याला आरसा म्हणतात.

गेल्या आठवड्यात त्या आरशावर गाडी मागे घसरली होती. उत्तरानं उडी टाकली म्हणून वाचली. गाडी खडकाला अडली, औषधांची पेटी मात्र दरीत गेली.

आणि आता वरच्या वस्तीत यांगचेनचे दिवस भरले होते. पोर आडवं आहे, असं तिथली सुईण म्हणत होती. नर्सबाई खाली गावात. यांगचेनचा नवरा नोरबू काल पायी उतरून आला होता. उद्या सकाळी तिला खाली आणायलाच हवं होतं. आरशावरून.

"पुन्हा घसरली तर?" उत्तरा म्हणाली. "या वेळी मागे पेटी नसेल, माई."

माईंनी परातीतलं पीठ बोटांनी सारखं केलं.

"म्हणून मी काही बाकी ठेवणार नाही. खिळेही नाही, आणि..."

"आणि?"

"नेमही नाही."

माई उंबऱ्यावर टेकल्या. परात मांडीवर घेतली. "कुठले कुठले धरलेस?"

उत्तराच्या आवाजात थोडी ऐट आली. "गाडी घसरली त्या दिवशी मीठ सोडलं. मग गोड सोडलं. मग एकभुक्त धरलं. सोमवारी पाणीसुद्धा नाही. आणि काल नोरबू आला तेव्हा दत्तापुढं हातावर पाणी सोडून संकल्प केला, यांगचेन सुखरूप खाली येईपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही."

"कुणी सांगितलं?"

"मनानंच घेतलं."

"मनानं," माई म्हणाल्या. "बरं."

"तुम्हीही नेम करताच की."

"एकच गं. सकाळी उठल्यावर चूल पेटवायची."

"एवढाच?"

"आणि दिवसभर विझू द्यायची नाही. तेवढ्यानंच मी दमते."

उत्तरा गालात हसली. माईंचं हे नेहमीचंच. मोठं काही विचारावं, तर त्या ते चुलीपाशीच आणून सोडायच्या. तिनं ड्रिल उचललं आणि पुढच्या खुणेवर टेकवलं.

ड्रिल घरघरलं. हात थरथरला. टोक खुणेवरून सटकलं आणि पट्ट्याच्या कडेला, जिथं रबर पातळ असतं तिथं, आरपार गेलं.

उत्तरानं जीभ चावली.

"हात का थरथरतो तुझा?"

"थंडीनं."

"थंडी मलाही वाजते," माई म्हणाल्या आणि उठल्या. "आत ये. थालीपीठ थापते, जरा मदत कर."

"माई, माझा उपास..."

"खा म्हटलं का? मदत कर म्हटलं."

चुलीवर तवा तापला होता. माईंनी जवाचं पीठ भिजवलं. त्यात कांदा, तिखट, मीठ. पाटावर ओलं फडकं पसरलं, गोळा ठेवला, आणि बोटांनी थापत थापत गोल वाढवला. मग बोट पाण्यात बुडवून मधोमध एक भोक पाडलं.

"हे कशाला गं पाडतात?" त्यांनी विचारलं.

"तेल आत जायला. खमंग होतं, आतपर्यंत शिजतं." उत्तराला हसू आलं. "हे काय विचारणं झालं?"

"भोक चांगलंच म्हणायचं मग."

"चांगलंच."

माईंनी त्याच्या भोवती आणखी चार पाडली. मग त्यांच्या भोवती आणखी. मग कडेला. मग जिथं जागा दिसेल तिथं. उत्तरा बघत राहिली. थालीपिठाची चाळण झाली.

"आता टाक तव्यावर."

उत्तरानं फडकं दोन्ही हातांनी उचललं. लहानपणापासून तिनं कितीतरी थालीपिठं अशी टाकली होती. तिनं ते अलगद तव्यावर उपडं केलं, फडकं सोलायला गेली...

निम्मं थालीपीठ तव्यावर राहिलं. निम्मं फडक्याला लोंबलं. एक तुकडा निखाऱ्यात पडून चरचरला.



उत्तरा हातातल्या फडक्याकडे बघत होती. मग दारातून बाहेर, खडूनं माखलेल्या त्या पट्ट्याकडे.

माईंनी तव्यावरचे तुकडे उलथन्यानं गोळा केले, उलटले, खरपूस होऊ दिले. ताटलीत काढून वर लोण्याचा गोळा घातला. ताटली उत्तरापुढं सरकवली.

"आता खा म्हणते."

"माझा शब्द गेलाय, माई. दत्तापुढं."

"आणि यांगचेनला कुणाच्या पाठीला बांधायचंय?"

"...माझ्या."

माईंनी तसबिरीकडे बघितलं. "त्याला मी सांगते काय सांगायचं ते. तू खा."

उत्तरानं पहिला घास घेतला. त्यात मीठ होतं. इतक्या दिवसांनी लागलेलं मीठ. तिचे डोळे भरून आले ते तिखटानं, असं ती नंतर म्हणाली.

दुसरं थालीपीठ माईंनी नेहमीसारखं थापलं. ते अख्खं निघालं. तेही तिनं खाल्लं.

मग ती बाहेर गेली. ओल्या फडक्यानं तिनं पट्ट्यावरच्या खुणा पुसायला घेतल्या. कडेच्या साऱ्या पुसल्या. मधल्या पट्टीतल्याही बऱ्याच पुसल्या. उरल्या त्या अशा, की एका खिळ्याच्या मागोमाग दुसरा त्याच रेषेत येऊ नये, प्रत्येकानं बर्फाचा आपला तुकडा वेगळा धरावा.

लांब खिळे तिनं बाजूला ठेवले. पट्टा हातानं फिरवून पाहिला, तर ते गाडीच्या पोटाला घासत होते. रबराच्या दात्यांपेक्षा जेमतेम डोकं वर काढतील असे आखूड तिनं निवडले. प्रत्येकाला आतून चकती लावली. पान्यानं आवळताना रबराला सुरकुती पडायला लागली की तिथंच थांबली.

हात आता थरथरत नव्हता.

"ते कडेचं भोक?" माईंनी विचारलं.

"ते बुजत नाही, माई."

"नको बुजवूस. दिसू दे."

ऊन कलायच्या आत गाडी उभी राहिली. उत्तरानं अंगणातल्या घट्ट बर्फावर ती सुरू केली. खिळ्यांनी बर्फ असा काही पकडला की गाडी झेपच घेऊन निघाली.

"बघा!" ती ओरडली. "बघा माई!"

कुंपण जवळ आलं. तिनं हँडल वळवलं. घसरपट्ट्या वळल्या, गाडी वळली नाही. मागून पट्टा रेटत राहिला, पुढच्या पट्ट्या बर्फावर आडव्या घसरत राहिल्या, आणि गाडी नाकासमोर जाऊन चुलीसाठी वाळवून रचलेल्या शेण्यांच्या ढिगात घुसली.

नोरबू धावत आला. उत्तरा धड आहे असं बघून तो हळूच म्हणाला, "दीदी, बायकोच्या आधी शेण्या न्यायच्यात का?"

उत्तराचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं होतं पकड आली."

"आली की," माई म्हणाल्या. शालीवर उडालेला शेणीचा चुरा त्यांनी झटकला. "ऐकणं गेलं."

उत्तरा गाडीवरून उतरली आणि वाकून घसरपट्ट्यांचा गुळगुळीत तळ पाहू लागली.

तिला आठवलं. खिळ्यांच्या खोक्यातच खाली दोन लांब धारदार पाती होती. घसरपट्ट्यांच्या तळाला लावायची, वळताना बर्फ कापायला. मागे लावायचं ते तिनं सगळं बाहेर काढलं होतं. पुढचं तिनं उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिनं ती पाती बसवली. पुन्हा अंगणात फेरी मारली. या वेळी हँडल वळलं तशी गाडी वळली. शेण्यांच्या ढिगाला लांबून वळसा घालून ती माईंच्या पायापाशी येऊन थांबली.

माईंनी गाडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं. मग उत्तराच्या कपाळाला.

सकाळी उजाडताच उत्तरा निघाली. मागे नोरबू बसला.

माईंनी चूल पेटवली. पाणी तापत ठेवलं. नर्सबाईंना बोलावून आतल्या खोलीत बसवलं. मग दारात येऊन उभ्या राहिल्या. आरसा तिथून दिसतो.

गाडी त्यावर चढताना एक काळा ठिपका दिसला. मधे तो थांबला. माईंनी पदर मुठीत धरला... ठिपका हलला. हळूहळू, तिरका तिरका, वर गेला आणि दिसेनासा झाला.

दुपारी तो परतला. आता तो ठिपका जरा मोठा होता. त्याच्या मागून आणखी एक लहानसा ठिपका पायी येत होता. तो नोरबू.

उतारावर गाडी एकदा मागून किंचित हेलकावली. घसरली नाही. वळायचं तिथं वळली.

अंगणात गाडी थांबली तेव्हा यांगचेन उत्तराच्या पाठीला शालीनं बांधलेली होती. दोघींच्या पापण्यांवर बर्फ साचला होता.

"दीदी गाणं म्हणत होती," यांगचेन म्हणाली. कळा दाबत ती हसायचा प्रयत्न करत होती. "फार वाईट म्हणते."

"आरती होती ती," उत्तरा म्हणाली.

नर्सबाईंनी यांगचेनला आत नेलं. पोर हातानं फिरवावं लागलं. बराच वेळ आतून नुसते पाय वाजत होते. नोरबू चुलीपाशी बसून एकच काटकी मोडत होता. ती संपली की दुसरी घेई. उत्तरा दत्तापुढं बसली, पण तिच्यानं काही मागवेना. ती नुसती बसली.

दिवेलागणीला रडणं ऐकू आलं. बारीक, तापट.

"मुलगी," नर्सबाई दारातून म्हणाल्या. "आई बरी आहे. खायला काय आहे, ते विचारतेय."

नोरबूनं हातातली काटकी चुलीत टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

माईंनी पीठ भिजवायला घेतलं.

उत्तरा त्यांच्याजवळ येऊन बसली. जरा वेळानं म्हणाली, "माई, माझे बाकीचे नेम... आता त्यांचं काय करू? मीठ, गोड, एकभुक्त... काल उपास सुटला, मीठ सुटलं, आता बाकीचेही धरवत नाहीत. वाईट वाटतं."

माईंनी कोनाड्याकडे बोट केलं.

"ती डबी कसली?"

"उरलेले खिळे. निम्म्याहून जास्त उरले." उत्तरानं डबी आणून त्यांच्यापुढं धरली. आतले खिळे खुळखुळले. "लांबून मागवले होते, माई. सगळे वाया गेले."

माईंनी पिठाचे हात पुसले. डबी घेतली. उठून दत्ताच्या तसबिरीपुढं ठेवली, आणि तिथल्या करंड्यातलं कुंकू बोटानं तिला लावलं.

"वाया कसे जातील, बाई? तू परत आलीस ती या न लावलेल्यांच्याच जिवावर."