पाच पायांचा घोडा

ऐका, आणि मधे बोलू नका. फार वर्षांपूर्वी, पांगरदऱ्याला अजून रस्ता नव्हता, तेव्हा तिथे ठकूआई राहायची. लग्नघराची भिंत ती एकटी लिहायची. आपल्याकडे भिंतीवर चित्र काढत नाहीत, भिंत लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर ती तांदळाच्या ओल्या पिठात काडी बुडवून पाखरं लिहायची, आणि असं म्हणतात, की सकाळी अंगणातल्या सुपातले दाणे कमी झालेले असायचे.

बाकीच्या बायका नुसते तांदूळ वाटायच्या. काडी हातात धरायची कुणाची छाती नव्हती.

मग सुंद्रीचं लग्न आलं. आईबापावेगळी पोर, मामीने वाढवलेली. रीत अशी, की भिंत कोरी दिसली तर वऱ्हाड उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचं. आणि नेमका लग्नाच्याच सकाळी ठकूआईचा उजवा हात लुळा पडला. बोट हलेना. सुंद्री हळदीच्या पाटावर बसून रडायला लागली.

"आई, आता गं काय करायचं?" मामीने ठकूआईला विचारलं.

"काय म्हणजे? तुम्ही लिहा."

"आम्ही? आमचे हात शेणाचे!"

"मग शेणी थापतेस ती गोल येते ना? झाला सूर्य. तू गं पारू, झाडू मारतेस तशी काडी मार, गवत उगवेल. आणि तू जनाई, भांडताना हात नाचवतेस तसा नाचव. वेल होईल, चांगली आढ्यापर्यंत जाईल."

बायका हसल्या, आणि हसता हसता भिंतीला भिडल्या. मामीने भीत भीत घोडा लिहिला. बघते तर पाय पाच!

"अगं बाई! पुसते," म्हणून तिने ओला बोळा उचलला.

"खबरदार!" ठकूआई कडाडली. "पहिला हात पुसायचा नसतो. चढावर लागेल त्याला पाचवा."

वऱ्हाड आलं. नवऱ्याच्या बापाने घोडा पाहिला, मिशीतल्या मिशीत हसला आणि आत आला. लग्न लागलं.

परतीच्या घाटात धुकं उतरलं. असं दाट, की सुंद्रीला स्वतःच्या हातातला चुडा दिसेना. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. सगळे जागच्या जागी थिजले. तेवढ्यात पुढे टापा वाजल्या. चार खणखणीत, एक मऊ. धुक्याहून पांढरं काहीतरी चालत होतं. सुंद्री त्याच्यामागे निघाली, तिच्यामागे वऱ्हाड, आणि सगळे सुखरूप वर पोचले.

सकाळी मामीने भिंत पाहिली. असं म्हणतात, घोड्याच्या टापांना घाटातली काळी माती लागली होती, आणि ती अजून ओली होती.

ठकूआईचा हात पुढे कधी बरा झाला नाही. पण ती घरोघरी बसून शिकवत राहिली. ती गेली त्या दिवशी गावातल्या भिंतींवरची सगळी पाखरं पाठमोरी होती म्हणे.

अजूनही पांगरदऱ्यात लग्नघरची पहिली काडी जिला येत नाही तिच्या हातात देतात. जिला येतं, तिने हात मांडीवर ठेवायचे आणि नुसतं तोंडाने सांगायचं. कुणी "पुसते" म्हणाली, की सगळ्या एकदम ओरडतात, "खबरदार!" शिकलेसवरलेले पाहुणे येतात, घोड्याचे पाय मोजतात आणि हसतात. हसू देत. धुक्यात त्यांना न्यायला कोण येणार आहे?