म्होरक्याची शिट्टी

"मग शिट्टी मला का नाही, आबा?"

ऋतुराजनं विचारलं तेव्हा आम्ही घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी नुकतेच टेकलो होतो. आमचा जीव मेटाकुटीला आलेला, आणि या पठ्ठ्याच्या कपाळावर धड घामही नव्हता. राग यावा असाच गडी!

आबा शिंगरे आमचे सायकलगुरू. आमच्या टोळीला घाट चढायला त्यांनीच शिकवलं. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते थांबणार होते. सगळे वर पोचले की वाजवायची ती गळ्यातली म्होरक्याची शिट्टी आज ते कुणाला तरी देणार होते, आणि ऋतुराजचा सगळा जीव त्या शिट्टीत अडकला होता.

आबा सुलभाताईंच्या कोपरात रुतलेली खडी धुऊन काढत होते. वळणावरच्या खड्ड्यात ताई दाणकन आपटल्या होत्या.

"सगळ्यांच्या आधी मी पोचलो," ऋतुराज म्हणाला.

"तो खड्डा तुला दिसला होता?"

"दिसला की."

"मग?"

"मी हात दाखवला, आबा. तुम्ही शिकवलाय तसा." त्यानं हात खाली करून बोट रस्त्याकडे रोखलं. पुढच्यानं खड्डा असा दाखवायचा, मागच्यानं त्याच्या मागच्याला... ही आमची रीत. "शपथेवर सांगतो, दाखवला!"

"खोटं कशाला बोलशील तू... मागं कोण होतं?"

ऋतुराज हसला. "कुणीच नव्हतं. माझ्याबरोबर टिकतंय कोण?"

आबांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. रिकाम्या दरीकडे पाठ केली, हात खाली नेला, बोट जमिनीकडे रोखलं... आणि तसेच उभे राहिले.

आम्ही कुणी हसलो नाही. ऋतुराजचं हसू मावळलं. त्याचे कान लाल झाले.

"काही जण अजून खालीच आहेत," आबा म्हणाले.

ऋतुराजनं सायकल वळवली. आता उतरायचं म्हणजे तो सगळा चढ पुन्हा चढायचा! तो मात्र तसाच खाली गेला.

आमचा चहा झाला, दुसराही झाला. मग खालची मंडळी एकेक करून धापा टाकत वर आली.

"वळणावर ऋतुराज उभा आहे हो, खड्डा दाखवत," कुणीतरी म्हणालं.

"मला तर पाठीला हात लावून वर ढकललं त्यानं," दामलेकाका म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

शेवटी ऋतुराज आला. घामानं नुसता निथळत होता. सायकल दगडाला टेकवून तो सुलभाताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"चुकलं माझं, ताई."

"बस आधी. चहा घे," ताई म्हणाल्या.

आबांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

तो गडबडला. "अहो आबा... आज तर मी सगळ्यांच्या शेवटी आलो."

"मागं कोण आहे?"

ऋतुराजनं वळून रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

"कुणीच नाही, आबा."

"मग वाजव शिट्टी."