पहिली धार

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते, पण हळू आवाजात.

एका गावात रखमाजी नावाचा एक गवळी होता. त्याच्या गोठ्यात सात म्हशी होत्या, आणि त्यांच्या राखणीला भुंग्या नावाचा काळाभोर कुत्रा. त्या घरात एक रीत होती. पहाटे धार काढायला बसलं, की पहिली धार राखणदाराच्या करवंटीत सोडायची. ती चुकली तर म्हैस पान्हा चोरते, असं रखमाजीचे वडील सांगत.

एका वर्षी भुंग्याचं पोट बिघडलं. रोज पातळ जुलाब. कान खाजवून आणि पंजे चाटून लालभडक झाले. जंताचं औषध झालं, गुण आला नाही. म्हशी तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याला जवळ घेऊन पाहिलं.

"खाण्यातलं काहीतरी बाधतंय," ते म्हणाले. "सहा आठवडे फक्त भात आणि उकडलेलं अंडं द्या. दुसरा कणही नको, आणि दूध तर नाहीच. बरा झाला, की एकेक पदार्थ परत देऊन बघू. ज्यानं बिघडेल, तो कायमचा बंद."

रखमाजी हसला. "दूध बाधतं म्हणता, डॉक्टरसाहेब? तेही गवळ्याच्या दारात?"

"दार कुणाचं, ते त्याच्या आतड्याला कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

रखमाजीची बायको भिवराबाई रोज वेगळ्या पातेलीत बिनमिठाचा भात शिजवू लागली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कुत्रं आहे का जावई, भिवराक्का? अंडी उकडून घालतेस!"

"जावई परवडला गं," भिवराबाई म्हणाली. "कुठं दुखतं ते त्याला सांगता तरी येतं."

भुंग्याला अंडं फार आवडे. कवच फुटल्याचा आवाज आला, की तो चुलीपाशी येऊन उभा राही.

पण पहाटे गोठ्यात रखमाजी एकटा असे. पहिली धार सोडताना त्याचा हात आपोआप करवंटीकडे वळे. एवढ्याशा दुधानं काय होतंय, असं तो स्वतःला सांगे. भुंग्याही शेपूट हलवत पिऊन टाकी. एकदा त्याच्या काळ्या मिशांवरचे पांढरे थेंब रखमाजीच्या नातीला दिसले. "आजीला सांगायचं नाही," रखमाजी म्हणाला. नातीनं मान हलवली.

तीन आठवडे झाले. जुलाब थांबले नाहीत. भिवराबाई डॉक्टरांकडे गेली.

"दुसरं काही पोटात जात नाही ना?"

"नातीची शपथ, साहेब. काही नाही."

"मग अंडं बाधत असेल. अंडं बंद करा."

संध्याकाळी तिनं ते घरात सांगितलं. रखमाजी चहा पीत होता. त्यानं तोंड उघडलं. मग त्याला वाटलं, आता सांगितलं तर ही विचारेल, तीन आठवडे का नाही बोललात? त्यानं चहाचा घोट घेतला.

अंडं बंद झालं. भुंग्या तरीही रोज चुलीपाशी येऊन उभा राही, आणि भिवराबाई त्याच्याकडे पाठ करून बसे. तरी गुण आला नाही. मग भातावर संशय गेला. भातही बंद झाला, उरला नुसता उकडलेला भोपळा. प्रत्येक वेळी बोलणं आधीपेक्षा जड झालं, आणि प्रत्येक वेळी रखमाजी गप्प राहिला. भुंग्याच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

एका पहाटे त्याला मान उचलता आली नाही. रखमाजीनं करवंटी त्याच्या तोंडाशी नेली. धन्याचा हात होता, म्हणून भुंग्यानं दोनदा जीभ लावली. दुपारी तो गेला.

"सगळं करून बघितलं हो," भिवराबाई रडत म्हणाली. "त्याला काहीच सोसलं नाही."

त्याचं निजायचं पोतं उचलायला ती गोठ्यात गेली. पोत्याशेजारी करवंटी होती. दुधावर साय धरली होती. ती बराच वेळ बघत राहिली. परत आली तेव्हा ती रडत नव्हती. त्या दिवसापासून ती रखमाजीशी कामापुरतंच बोलते.

दुसऱ्या पहाटे धारेला तीच बसली. पहिली धार तिनं जमिनीवर सोडली. म्हशीनं रोजच्याइतकंच दूध दिलं.

तात्पर्य: आपली चूक पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. लपवलेल्या चुकीची शिक्षा ज्याला बोलता येत नाही, त्याला भोगावी लागते. आणि ज्या नातीनं ते थेंब पाहिले होते, ती त्याच पहाटे पळत घरात गेली असती, आणि आजीला नुसतं एवढंच म्हणाली असती, की आजी, आजोबा रोज... आले, आजोबा! काही नाही, अभ्यासच करत होते.