चुकलो म्हणा, आजोबा

फार जुनी गोष्ट आहे, पण गोठे अजून तसेच आहेत.

एका गोठ्यात म्हातारा बैल गरजला, "नांगर मी ओढतो, दूध गाय देते. ही कोंबडी नुसती उकरत फिरते. हाकला तिला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर मुंगसाची भीती होती, तरी कोंबडी ताठ मानेनं निघून गेली.

थोड्याच दिवसांत बैलाच्या मानेवर गोचिडी टरारून फुगल्या. शेपूट तिथवर पोचेना. रोज त्या टिपून कोण खात होतं, ते आता कळलं.

"ये गं पोरी," दाराबाहेर कोंबडी दिसताच बैल हळूच म्हणाला.

"हाकललंत तेव्हा अख्ख्या गोठ्यानं ऐकलं, आजोबा. आता चुकलो म्हणा, तेवढ्याच मोठ्यानं."

बैलानं मान झटकली. गोचिडी काही हलल्या नाहीत.

"चुकलो!" तो ओरडला.

कोंबडी आत आली आणि थेट त्याच्या मानेवर चढली.